तिसरा वाटा, आठवा खांब

पर्यावरणाचा कुठलाही वाद चिघळला की हल्ली एक सल्ला हमखास ऐकू येतो. कोर्टकचेऱ्या कशाला, सगळ्यांना एका टेबलाभोवती बसवा आणि मध्यस्थामार्फत तोडगा काढा. सल्ला वाईट नाही. कोर्टात वर्षं जातात, वकिलांची फी सामान्य माणसाला परवडत नाही, आणि निकाल लागतो तोवर झाड तुटलेलं किंवा खाडी बुजलेली असते. पण लालबाग, परळ, दादर, वरळी या पट्ट्याचा गेल्या नव्वद वर्षांचा इतिहास वाचताना मला सारखं जाणवत राहिलं, की या भागाला हा सल्ला नवा नाही. मध्यस्थी इथे कायद्यानं सक्तीची झाली, लोकांनी ती रस्त्यावर उतरून नाकारली, तिच्यातून करार झाले, ते पातळ झाले, आणि अगदी अलीकडे समुद्रात उभ्या होणाऱ्या पुलाचा एक खांबही तिनं काढायला लावला. ती केव्हा चालते आणि केव्हा फसते, याचा पुरावा इथेच आहे.

आधी शब्द स्पष्ट करून घेऊ. लवाद दोन्ही बाजू ऐकून निर्णय देतो आणि तो पाळावा लागतो. मध्यस्थ निर्णय देत नाही. तो बोलणी घडवून आणतो, निरोप इकडून तिकडे नेतो, कोंडी फोडायचा प्रयत्न करतो. तोडगा मान्य करायचा की उठून जायचं, हे बाजूंच्या हातात असतं. म्हणजे मध्यस्थीत उठून जाण्याचा अधिकार हीच खरी ताकद. ज्याला उठून जाता येत नाही, तो टेबलाशी बसला तरी त्याचं म्हणणं ऐकलं जाईलच असं नाही.

हे गिरणी कामगारांना फार लवकर कळलं होतं. १९३४च्या संपानंतर मुंबई सरकारनं समेटाचा कायदा आणला आणि कामगारांची बाजू मांडायला एक सरकारी कामगार अधिकारी नेमला. १९३८ साली बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळानं त्यापुढे जाऊन औद्योगिक कलहांचा नवा कायदा केला. समेटाची प्रक्रिया पुरी होण्याआधी संप केला, तर तो बेकायदा ठरणार होता. वरवर पाहता हा शांततेचा मार्ग होता. पण डॉ. आंबेडकरांनी विधिमंडळात त्याला कडाडून विरोध केला. संपाचा हक्क आणि स्वातंत्र्य या वेगळ्या गोष्टी नाहीत, अशी त्यांची मांडणी होती. ७ नोव्हेंबर १९३८ला त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप घडवला. बोलण्यांना त्या कामगारांचा विरोध नव्हता. आधी हात बांधायचे आणि मग बोलायला बसवायचं, याला विरोध होता.

१९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानं आणखी एक पाऊल टाकलं. एका उद्योगात मान्यताप्राप्त प्रतिनिधी संघटना एकच, आणि वाटाघाटी फक्त तिच्याशी. गिरण्यांसाठी ती जागा राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे राहिली. १८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हा टेबलावर अधिकृत खुर्ची होती ती ज्यांच्यामागे कामगार उरले नव्हते अशा संघटनेला. ज्यांच्यामागे कामगार होते त्यांना खुर्चीच नव्हती. तो संप रीतसर मागे कधी घेतलाच गेला नाही. त्याला अनेक कारणं होती, पण बोलणी कोणाशी करायची हाच प्रश्न कायद्यानं सोडवून ठेवल्यासारखा अडवून ठेवला होता, हे त्यातलं एक मोठं कारण.

*

संपानंतर गिरण्यांचा प्रश्न हळूहळू जमिनीचा प्रश्न झाला. ५८ गिरण्या, साधारण सहाशे एकर, तीही शहराच्या मध्यभागी. या जमिनीचं काय करायचं यावर १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत एक उत्तर आलं. त्याला मुंबईत आजही सगळे ‘डी. सी. रूल ५८’ म्हणूनच ओळखतात.

त्या नियमाचा गाभा एका वाटणीत होता. गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास करायचा असेल तर मोकळ्या जमिनीचे आणि जुनी बांधकामं पाडून मोकळ्या होणाऱ्या जमिनीचे तीन भाग करायचे. एक भाग महापालिकेला उद्यानं-मैदानांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. जमीन पाच हेक्टरपर्यंत असेल तर ३३ टक्के मोकळी जागा, २७ टक्के म्हाडा, ४० टक्के मालक. दहा हेक्टरांपेक्षा मोठी असेल तर मालकाचा वाटा ३० टक्क्यांवर यायचा आणि म्हाडाचा ३७वर जायचा. नियम सरकारनं केला होता, मध्यस्थानं नाही. पण त्याची बांधणी अस्सल तडजोडीची होती. कोणालाच सगळं मिळत नव्हतं, प्रत्येकाला काहीतरी मिळत होतं. शहराचा श्वास, घर नसलेला माणूस आणि जमिनीचा मालक, या तिघांना कागदावर शेजारी शेजारी बसवणारा असा नियम मुंबईत दुसरा मला माहीत नाही.

अडचण अशी, की मालकांना ही वाटणी सोयीची नव्हती आणि पुनर्विकास करण्याची सक्तीही नव्हती. गेट बंद ठेवून वाट पाहणं त्यांना परवडत होतं. कामगाराला, ज्याची देणी थकली होती, ते परवडत नव्हतं. १९९६ साली राज्य सरकारनं वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. प्रत्येक गिरणीचा तुकडा वेगळा न पाहता जमिनी एकत्र मांडून त्यांचं नियोजन करावं, म्हणजे सलग मैदानं, रस्ते, घरं यांना जागा मिळेल, असं या समितीनं सुचवलं. तिचा अहवाल म्हणजे एका अर्थानं मध्यस्थाचा प्रस्ताव होता. पण मध्यस्थाचा प्रस्ताव कोणावर बंधनकारक नसतो. अहवाल राहिला, नियोजन झालं नाही.

मग २००१च्या मार्चमध्ये नियम ५८ बदलला. टक्केवारी तशीच राहिली. बदलली ती ज्याची टक्केवारी काढायची ती गोष्ट. ‘मोकळी जमीन आणि बांधकामं पाडल्यावर मोकळी होणारी जमीन’ यातला दुसरा भाग गेला. आता वाटणी फक्त मुळात मोकळ्या असलेल्या जमिनीची आणि शिल्लक चटईक्षेत्राची. गिरणीचं आवार ज्यानं पाहिलं आहे त्याला याचा अर्थ लगेच कळेल. कताई, विणकाम, गोदामं, बॉयलर, चिमणी, सगळं एकमेकांना चिकटून बांधलेलं. मोकळी जमीन असते ती गेटपासून शेडपर्यंतच्या रस्त्याएवढी. तिचा तिसरा भाग काढला तर हातात येतं ते एखादं वाहनतळ.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे सूत्र तेच ठेवून आत जाणारी संख्या बदलली, तर उत्तर बदलतं आणि सूत्र तपासणाऱ्याला काहीच चुकीचं दिसत नाही. इथे तेच झालं. ‘एक तृतीयांश’ हे शब्द लोकांच्या तोंडी होते, ते तसेच राहिले.

बदलाचा परिणाम लोकांना दिसायला चार वर्षं गेली. २००५मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळानं आपल्या पाच गिरण्यांच्या जमिनी विकायला काढल्या. मुंबई टेक्स्टाइल मिलची जमीन ७०२ कोटींना गेली, दादरची कोहिनूर ४२१ कोटींना. त्याच वर्षी बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अ‍ॅक्शन ग्रुपनं उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. याचिका चालू असतानाच २६ जुलै आला. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि शहरात पाणी मुरायला जमीन किती उरली आहे, हा एरवी तज्ज्ञांचा प्रश्न घराघरांत विचारला जाऊ लागला. ऑक्टोबर २००५मध्ये उच्च न्यायालयानं याचिकाकर्त्यांच्या बाजूनं निकाल दिला. बांधकाम पाडून मोकळी होणारी जमीनही वाटणीत धरायची, असा त्याचा अर्थ होता. ७ मार्च २००६ला सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला.

या खटल्यात एक गोष्ट मला सर्वांत अस्वस्थ करते. पर्यावरणवादी आणि कामगार एका बाजूला असायला हवे होते, तसे ते सरळ नव्हते. जमीन विकली गेली तरच थकलेली देणी मिळणार, अशी रचना झाली होती. त्यामुळे विक्रीला स्थगिती म्हणजे कामगाराच्या पैशाला स्थगिती, असं चित्र उभं राहिलं आणि मान्यताप्राप्त संघटना विक्रीच्या बाजूनं राहिली. दुसरीकडे दत्ता इस्वलकर आणि त्यांची बंद गिरणी कामगार संघर्ष समिती १९८९पासून सांगत होती, की देणी हवीतच, पण या जमिनीवर कामगाराचं घरही हवं. मैदान मागणारा, घर मागणारा आणि देणी मागणारा, या तिघांना एकमेकांसमोर बसवून बोलायला लावण्याची जागा त्या पंधरा वर्षांत कुठेच तयार झाली नाही. मध्यस्थीची खरी गरज मालक आणि सरकार यांच्यात नव्हती, ते एकमेकांशी बोलतच होते. गरज होती ती या तिघांत. गिरणी कामगारांच्या घरांची म्हाडाची पहिली सोडत निघाली २०१२मध्ये, संपाला तीस वर्षं झाल्यावर. घरासाठी अर्ज करणारे कामगार आणि वारस दीड लाखांहून अधिक होते. सोडतीतली घरं सात हजारांच्या आत.

*

पर्यावरणाच्या वादात मध्यस्थी करण्याची पद्धत जगात रुळली तीही कामगार-वाटाघाटींचे धडे घेऊनच. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात स्नोक्वाल्मी नावाची नदी आहे. १९५९च्या पुरानंतर तिथे धरण बांधायचा प्रस्ताव आला. खोऱ्यातल्या शेतकऱ्यांना पूर थांबवायचा होता, निसर्गप्रेमींना नदी वाहती हवी होती आणि धरण झालं की शेतजमिनीवर वसाहती उभ्या राहतील अशी भीतीही होती. पंधरा वर्षं कोंडी होती. १९७४मध्ये गव्हर्नर डॅन इव्हान्स यांनी जेराल्ड कॉर्मिक आणि जेन मॅकार्थी या दोघांना मध्यस्थ नेमलं. वर्ष संपेपर्यंत करार झाला. धरण नदीच्या मधल्या शाखेऐवजी उत्तर शाखेवर, लहान आकाराचं, आणि सोबत खोऱ्यातल्या जमीनवापरावर मर्यादा. पर्यावरणीय मध्यस्थीच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात हा करार यशोगाथा म्हणून येतो.

ते धरण कधी बांधलंच गेलं नाही. म्हणून करार फसला म्हणायचं का? मला तसं वाटत नाही, कारण एकमेकांचं तोंड न पाहणारी माणसं त्यातून एकत्र काम करायला लागली. पण सही आणि अंमलबजावणी यांत किती अंतर असू शकतं, हेही याच करारानं दाखवलं. कॉर्मिक यांचा आग्रह मात्र लक्षात ठेवावा असा आहे. दोन्ही बाजूंकडे एकमेकांना अडवण्याची थोडीतरी ताकद असेल तरच मध्यस्थीला अर्थ असतो. एक बाजू एकटीच पुढे जाऊ शकत असेल तर ती बोलेल कशाला? १९३८च्या गिरणी कामगाराला हे वेगळं समजावून सांगावं लागलं नसतं.

*

आता वरळीला येऊ. प्रिन्सेस स्ट्रीटच्या उड्डाणपुलापासून वरळी सी लिंकपर्यंत १०.५८ किलोमीटरचा किनारी रस्ता. त्याचं काम २०१८मध्ये सुरू झालं. १६ जुलै २०१९ला उच्च न्यायालयानं पर्यावरणविषयक परवानग्यांच्या मुद्द्यावर ते थांबवलं. १७ डिसेंबर २०१९ला सर्वोच्च न्यायालयानं ती बंदी उठवली. याचिकाकर्त्यांत वरळीचे मच्छीमारही होते. कोर्टात त्यांचा प्रश्न होता की रस्ता समुद्रात व्हावा की नाही. त्याचं उत्तर त्यांच्या विरोधात गेलं आणि भराव पडत गेला.

मग दुसरा, लहान वाटणारा प्रश्न उभा राहिला. किनारी रस्ता सी लिंकला जोडणारा पूल वरळी कोळीवाड्याच्या होड्यांच्या वाटेवरून जाणार होता. क्लीव्हलँड बंदरातून निघणारी होडी या पुलाच्या खांबांमधून बाहेर पडणार. दोन खांबांमध्ये महापालिकेनं ६० मीटर अंतर ठेवलं होतं. कोळ्यांनी मागितलं २०० मीटर.

कागदावर ६० मीटर भरपूर वाटतात. होडीची रुंदी काही मीटर. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं मतही महापालिकेच्या बाजूनं होतं. कोळ्यांचं म्हणणं वेगळ्या हिशेबावर उभं होतं. पावसाळ्याच्या तोंडाला समुद्र उसळलेला असतो, लाट खांबावर आपटून परत फिरते, प्रवाह होडीला आडवं ढकलतो, समोरून दुसरी होडी येत असते, आणि नेमकं त्याच वेळी इंजिन बंद पडू शकतं. त्या क्षणी होडी सावरायला किती पाणी लागतं, हा त्यांचा प्रश्न होता. इंजिनिअरच्या भाषेत सांगायचं तर महापालिका सर्वसाधारण दिवसाचा हिशेब मांडत होती आणि कोळी सर्वांत वाईट दिवसाचा. पूल सर्वांत वाईट दिवसासाठीच बांधायचा असतो, हे आम्हाला पहिल्या वर्षापासून शिकवतात.

२०२१च्या अखेरीला कोळ्यांनी होड्या पाण्यात उभ्या करून त्या भागातलं काम रोखलं. वर्षभर बैठकांवर बैठका झाल्या, कधी अधिकाऱ्यांशी, कधी मंत्र्यांशी. डिसेंबर २०२२मध्ये मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी तोडगा जाहीर केला. सातव्या आणि नवव्या खांबांमधला आठवा खांब काढायचा आणि अंतर १२० मीटर करायचं. पुढे एप्रिल २०२४मध्ये याच जोडपुलासाठी १३६ मीटर लांबीची, सुमारे दोन हजार टनांची धनुष्याकृती तुळई समुद्रातून आणून बसवली गेली.

हे मध्यस्थीचं यश आहे का? माझ्या मते आहे, आणि ते कमी लेखू नये. कुठलंही न्यायालय स्वतःहून १२० मीटर हा आकडा काढू शकलं नसतं. कोर्ट परवानगी वैध की अवैध ते सांगतं. खांब किती सरकवायचा हे सांगत नाही. होडी चालवणाऱ्या माणसाचं ज्ञान पुलाच्या आराखड्यात शिरलं ते टेबलावरच्या बोलण्यांतून. सहसा असं ज्ञान ‘हरकती व सूचना’ या रकान्यात पडून राहतं.

पण या यशाच्या कडा नीट पाहायला हव्यात. पहिली गोष्ट, मध्यस्थ कोण होता? राज्याचा मुख्यमंत्री, म्हणजे ज्या सरकारला रस्ता लवकर हवा होता त्याचाच प्रमुख. तो तटस्थ नव्हता. फक्त त्याच्याकडे आराखडा बदलायचा अधिकार होता. दुसरी, बोलणी झाली ती होड्या आडव्या आल्यावर. नोटिसा आणि निवेदनं तिथे पुरली नव्हती. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. टेबलावर होतं ते होडीचं अंतर. ओहोटीला खडकांवर उतरून कालवं, खेकडे गोळा करणाऱ्या बायकांचा किनारा भरावाखाली गेला तेव्हा त्यांच्याकडे आडवी घालायला होडी नव्हती. प्रवाळांच्या वसाहती उचलून दुसरीकडे नेल्या गेल्या, आणि त्यांच्या वतीनं अर्थातच कोणी बोलणी केली नाहीत. १२० मीटर हा आकडा होडीवाला कोळी आणि महापालिका यांच्यातला आहे. किनारा त्या दोघांचाच नव्हता.

*

कायद्यालाही ही अडचण ठाऊक आहे असं दिसतं. २०१०च्या अ‍ॅफकॉन्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की ज्या दाव्यात सार्वजनिक हित किंवा कोर्टापुढे नसलेल्या अनेकांचं हित गुंतलं आहे, तो तडजोडीच्या मार्गाकडे पाठवणं योग्य नाही. २०२३च्या मध्यस्थी कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या अखत्यारीतले विषय मध्यस्थीसाठी अयोग्य म्हणून बाजूला ठेवले आहेत. त्याच कायद्यात सामुदायिक मध्यस्थी नावाचं वेगळं प्रकरण आहे, पण ते परिसरातल्या रहिवाशांमध्ये शांतता आणि सलोखा राखण्यासाठी, आणि तेही सगळ्यांची संमती असेल तरच.

कायद्याचा तर्क बरोबर आहे. हवा आणि समुद्र दोघांनी मिळून विकायची गोष्ट नाही. पण दार लावून घेतल्यानं मध्यस्थी थांबत नाही. ती मुख्यमंत्र्यांच्या दालनात, आयुक्तांच्या केबिनमध्ये, स्थानिक नेत्याच्या कार्यालयात होतच राहते. इतिवृत्ताशिवाय, तटस्थ माणसाशिवाय आणि गैरहजर असलेल्यांसाठी खुर्ची न ठेवता. वरळीचा तोडगा असाच निघाला. तो चांगला निघाला याचं श्रेय कोळ्यांच्या चिकाटीला आहे, पद्धतीला नाही.

म्हणून मला वाटतं, मध्यस्थी हवी की नको हा प्रश्न अपुरा आहे. नियम मोडला आहे का, परवानगी घेतली आहे का, हे कोर्टानंच ठरवावं. त्यावर तडजोड नको. पण काम कसं करायचं, कोणाची वाट कुठून जाईल, नुकसान कोणाचं आणि किती, या प्रश्नांना मध्यस्थीइतकं चांगलं साधन नाही. मात्र तिला तीन गोष्टी लागतात. कमकुवत बाजूला काम थांबवण्याचा कायदेशीर हक्क, म्हणजे त्यासाठी समुद्रात होड्या घेऊन उभं राहावं लागू नये. जे येऊ शकत नाहीत त्यांच्या वतीनं बोलणारं कोणीतरी. आणि ठरलेल्या गोष्टीवर पुढची वीस-तीस वर्षं पहारा. नियम ५८मध्ये पहिल्या दोन गोष्टी अर्ध्यामुर्ध्या होत्या, तिसरी अजिबात नव्हती, आणि तो तिथेच हरला.

पहाऱ्याचा प्रश्न जुना झालेला नाही. किनारी रस्त्यासाठी भराव घालून जी जमीन तयार झाली, तिच्यावर निवासी किंवा व्यापारी बांधकाम करायचं नाही, अशी अट आहे. तिथे मोकळी जागा आणि बगिचे असतील असं सांगितलं गेलं आहे. अट स्पष्ट आहे, आकडाही मोठा आहे. १९९१ साली ‘मोकळी जमीन’ हे शब्दही इतकेच स्पष्ट होते. दहा वर्षांनी एका दुरुस्तीनं त्यांचा अर्थ बदलला, आणि तो बदलला हे आपल्याला चार वर्षांनी कळलं. या वेळी ते वाक्य कोण वाचत बसणार आहे, हे आत्ताच ठरवायला हवं.